एका गुणाचा हिशेब: पोर्तुगाल, १९५८

२४ ऑगस्ट १९५८. पोर्तो शहरातील बोआव्हिस्ताचे रस्ते, वाटेत ट्रामचे रूळ. पोर्तुगीज ग्रां प्रीचा निकाल असा: पहिला स्टर्लिंग मॉस (व्हॅनवॉल), दुसरा माइक हॉथॉर्न (फेरारी), तिसरा स्टुअर्ट लुईस-इव्हान्स (व्हॅनवॉल).

शर्यतीच्या अखेरीस हॉथॉर्नची गाडी घसरून बंद पडली. ती पुन्हा सुरू करताना त्याने शर्यतीच्या उलट दिशेने नेली, असा आक्षेप निघाला. तो मान्य झाला असता तर हॉथॉर्न बाद. तेव्हा त्याचाच प्रतिस्पर्धी मॉस पंचांपुढे उभा राहिला आणि त्याने सांगितले, की गाडी त्या वेळी मार्गावर नव्हती, पदपथावर होती. हॉथॉर्नचे ७ गुण टिकले. त्यांतील १ सर्वांत वेगवान फेरीचा. हंगामाअखेर हॉथॉर्न ४२, मॉस ४१.

येथून दंतकथा सुरू होते: मॉसने जगज्जेतेपद दान केले.

गणित त्या कथेच्या बाजूने आहे, हे मान्य करावे लागते. मात्र ४२ मधून ७ वजा करून चालत नाही. त्या वर्षी उत्तम सहा निकालच धरले जात. पोर्तो वगळल्यास हॉथॉर्नचे गाळलेले ४ गुण परत येतात आणि बेरीज ३९ होते. तरीही मॉसच पुढे. पण हेच गणित आणखी एक गोष्ट सांगते, जी सहसा कोणी सांगत नाही. त्याच शर्यतीतील वेगवान फेरीचा तो एक गुण मॉसने मिळवला असता, तर आकडे नेमके उलटले असते: मॉस ४२, हॉथॉर्न ४१. साक्षीची गरजच उरली नसती.

शिवाय ऑगस्टमध्ये इटली आणि मोरोक्को या शर्यती बाकी होत्या. साक्षीची किंमत किती, हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नव्हते. जे डोळ्यांनी पाहिले ते मॉसने सांगितले. त्याला 'त्याग' म्हणणे म्हणजे गप्प बसणे हा त्याचा हक्कच होता असे गृहीत धरणे. चार शर्यती जिंकणारा मॉस हरला आणि एकच जिंकणारा हॉथॉर्न जगज्जेता झाला, याचा जाब गुणपद्धतीला विचारावा.

आणि एका गुणाच्या या चर्चेत निकालाची तिसरी ओळ वाचायची राहून जाते. लुईस-इव्हान्स मोरोक्कोच्या शर्यतीत भाजला आणि २५ ऑक्टोबरला मरण पावला. त्याआधी, त्याच हंगामात, लुइजी मुस्सो फ्रान्समध्ये आणि पीटर कॉलिन्स जर्मनीत गेला होता. हॉथॉर्नने जगज्जेता होताच निवृत्ती पत्करली. २२ जानेवारी १९५९ रोजी इंग्लंडमधील साध्या रस्त्यावरील अपघातात त्याचाही अंत झाला.