उठतानाची भूक

टेक्सासातल्या भाचीच्या ट्रेलरमध्ये मागे दोन घोडे आणि पुढे माणसांची खोली. परवा फोनवर विचारलंन, "मामा, जनरेटर कोणता घेऊ?" गणेशमंडळाच्या धडधडत्या धुडावर पोसलेला मी म्हणालो, "मोठ्यात मोठा!" चुकलोच. छतावरचा १३,५०० बीटीयूचा एसी चालताना दीडेक हजार वॅट खातो, पण कॉम्प्रेसर उठताना क्षणभर जवळपास दुप्पट मागतो; आमच्या घरातही उठतानाचीच कटकट जास्त. तेव्हा एकट्याने उचलता येतील असे, २,२०० वॅटचे, विसेक किलोंचे दोन इन्व्हर्टर जनरेटर जोडून चालवावेत. मोठ्याच्या गोंगाटाने घोडा कान मागे पाडतो, माणसाची झोप उडते. आणि धूर खिडकीपासून, घोड्यांपासून लांब ठेवा: कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.