दंततज्ज्ञांच्या शिक्षणाचे मूल्यमापन : कोणी करावे, कशाचे करावे?

ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय दंतवैद्यक आयोगाचा कायदा संमत केला. १९४८ चा दंतवैद्यक कायदा आणि त्याखाली १९४९ साली स्थापन झालेली भारतीय दंतवैद्यक परिषद यांची जागा नव्या व्यवस्थेने घ्यावी, अशी या कायद्याची योजना आहे. महाविद्यालयांची पाहणी करणे, त्यांचा दर्जा ठरविणे आणि नव्या अभ्यासक्रमांस परवानगी देणे हे काम त्यात एका स्वतंत्र मूल्यांकन व दर्जांकन मंडळाकडे सोपविले आहे. जुन्या परिषदेच्या कारभाराला विटलेल्या प्रामाणिक शिक्षकांना या बदलातून आशा वाटावी, हे समजण्यासारखे आहे. तथापि, पाटी बदलल्याने दुकानाचा माल बदलत नाही. पदव्युत्तर दंतशिक्षणाचे मोजमाप आजवर कशाचे झाले आणि कोणाच्या हितासाठी झाले, याचा विचार केल्याशिवाय नव्या कायद्याची परीक्षा होऊ शकत नाही.

हा प्रश्न केवळ दंतवैद्यांच्या व्यवसायापुरता मर्यादित नाही. २०२० साली भारतात ओठ व मुखाच्या कर्करोगाचे सुमारे १,३६,००० नवे रुग्ण आढळले. त्या वर्षी साऱ्या जगातील नव्या रुग्णांची संख्या सुमारे ३,७८,००० होती. म्हणजे जगातील तीन रुग्णांमागे एकाहून अधिक रुग्ण भारतीय होता. तंबाखू, गुटखा आणि सुपारी यांच्या आहारी गेलेला हा रुग्ण बहुधा श्रमिक असतो आणि उशिरा रुग्णालयात पोचतो. त्याच्या तोंडातील पांढरा चट्टा वेळीच ओळखणारा तज्ज्ञ देशात किती संख्येने आणि कोठे तयार होतो, हा कोट्यवधी श्रमिकांच्या जीवनमरणाचा प्रश्न आहे.

सार्वजनिक संस्थांचा वारसा

या देशातील दंतशिक्षणाचा आरंभ नफ्याच्या हेतूने झाला नव्हता. १९२० साली डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यास पहिले दंतमहाविद्यालय काढले आणि पुढे ते राज्य सरकारच्या स्वाधीन केले. मुंबईत १९३३ साली सुरू झालेले नायर रुग्णालय दंतमहाविद्यालय आजही महानगरपालिका चालविते. अशा संस्थांच्या बाह्यरुग्ण विभागांत गिरणी कामगारांपासून हमालांपर्यंत सर्वांचे दात पाहिले गेले आणि त्यातूनच विद्यार्थी शिकले.

गेल्या चार दशकांत हे चित्र पालटले. कर्नाटक, महाराष्ट्र, तामिळनाडू, आंध्र या राज्यांत साखर, दारू आणि जमिनीच्या व्यवहारांतून जमलेला पैसा शिक्षणसंस्थांत वळला. आज देशात तीनशेहून अधिक दंतमहाविद्यालये आहेत आणि त्यांतील बहुसंख्य खाजगी आहेत. कॅपिटेशन फीच्या लुटीविरुद्ध महाराष्ट्र विधिमंडळाला १९८७ साली कायदा करावा लागला. १९९२ साली मोहिनी जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कॅपिटेशन फी घटनाबाह्य ठरविली, तर १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात प्रवेश व शुल्काची एक योजना आखून दिली. २००२ साली टी. एम. ए. पै फाउंडेशनच्या निकालाने ती योजना मोडीत काढली आणि खाजगी संस्थांना शुल्क ठरविण्याची मोकळीक मिळाली. २०१६ साली मॉडर्न डेंटल कॉलेजच्या खटल्यात प्रवेश व शुल्क यांचे नियमन करण्याचा राज्याचा अधिकार घटनापीठाने उचलून धरला. राज्य सरकारने मनात आणले तर या शिक्षणसम्राटांना वेसण घालता येते, हा त्या निकालाचा अर्थ आहे. सत्ताधारी पक्षांतील किती पुढारी स्वतःच शिक्षणसम्राट आहेत, हे पाहिले की ती इच्छा का होत नाही याचे उत्तर मिळते.

पाहणीचे नाटक

दंतवैद्यकातील मान्यतेची रीत अशी आहे. १९९३ च्या दुरुस्तीनुसार नवे महाविद्यालय, नवा पदव्युत्तर अभ्यासक्रम अथवा वाढीव जागा यांसाठी केंद्र सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक ठरली. आधी परवानगी मिळते, मग ठराविक काळाने पाहणी होते आणि पहिली तुकडी परीक्षेस बसते त्या सुमारास पदवीला मान्यता देण्याचा निर्णय होतो. कागदावर ही रीत निर्दोष दिसते. परंतु पाहणीत मोजले जाते काय? इमारतीचे चौरस फूट, दंतखुर्च्यांची संख्या, ग्रंथालयातील पुस्तके आणि त्या दिवशी हजर असलेले प्राध्यापक. जे एका दिवसापुरते उभे करता येते, तेच नेमके मोजले जाते. मग पाहणीच्या दिवशी दुसऱ्या गावचे प्राध्यापक हजेरीपटावर येतात, आसपासच्या खेड्यांतून माणसे गाडीत घालून आणली जातात आणि रिकामा बाह्यरुग्ण विभाग दुपारपर्यंत गजबजून जातो. अशा तक्रारी इतक्या वर्षांपासून आणि इतक्या ठिकाणांहून ऐकू येतात की त्यांना अपवाद म्हणणे म्हणजे डोळेझाक होय.

परिषद जाऊन आयोग आला म्हणजे हे थांबेल काय? शेजारच्या क्षेत्रातला अनुभव ताजा आहे. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने मार्च २०१६ च्या अहवालात भारतीय वैद्यक परिषदेवर कडक ताशेरे ओढले आणि सप्टेंबर २०२० मध्ये तिच्या जागी राष्ट्रीय वैद्यक आयोग आला. त्यानंतर पाच वर्षेही पुरी झाली नव्हती तोच, २०२५ च्या मध्यास, वैद्यकीय महाविद्यालयांच्या पाहणीतील लाचखोरीबद्दल सीबीआयने गुन्हा नोंदविला. पाहणीची माहिती आधीच फोडणे, तोतया प्राध्यापक उभे करणे, खोटे रुग्ण दाखविणे असे आरोप त्यात आहेत. त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘नॅक’च्या एका पाहणी समितीच्या सदस्यांना वरचा दर्जा देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक झाली होती. हे आरोप न्यायालयात यथाकाल तपासले जातीलच. परंतु ज्या व्यवस्थेत दर्जाच्या एका अक्षरावर कोट्यवधी रुपयांचे शुल्क अवलंबून असते, तेथे ते अक्षर विकत घेण्याचा मोह हा व्यक्तीचा नव्हे, व्यवस्थेचा धर्म असतो.

नव्या कायद्याने या रोगाचे मूळ तोडलेले नाही. जुन्या परिषदेत राज्यांच्या नोंदवहीतील दंतवैद्यांनी, महाविद्यालयांनी व विद्यापीठांनी निवडलेले प्रतिनिधी असत. त्या निवडणुकांत पैशाचा खेळ चाले, हे खरे. त्यावर उपाय म्हणून निवडणुका स्वच्छ करण्याऐवजी निवड जवळपास निकालात काढण्यात आली. आयोगाचे आणि मंडळांचे प्रमुख केंद्र सरकार नेमणार आणि राज्यांच्या वाट्याला मुख्यतः अर्धवेळ सदस्यत्व येणार. पाहणीसाठी बाहेरच्या त्रयस्थ संस्था भाड्याने घेण्याची वाटही मोकळी ठेवली आहे. म्हणजे धंद्याची तपासणीही धंदेवाल्यांकडेच जाऊ शकते. शुल्काविषयी मार्गदर्शक तत्त्वे ठरविण्याचा अधिकार खाजगी व अभिमत संस्थांतील निम्म्या जागांपुरताच आहे. उरलेल्या निम्म्या जागांचे काय, याविषयी कायदा मौन बाळगतो.

कोणते तज्ज्ञ, कोणासाठी?

सर्वांत गंभीर दोष मात्र वेगळाच आहे. पदव्युत्तर दंतवैद्यकाच्या नऊ शाखा आहेत. शुल्काचे लाखो रुपये भरणारा विद्यार्थी साहजिकच अशा शाखेकडे जातो जिच्यातून ते रुपये परत मिळतील. दात सरळ करणारी ऑर्थोडॉन्टिक्स आणि रूट कॅनालची शाखा यांना मागणी असते. मुखविकृतिशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य दंतशास्त्र यांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात. त्या भरण्यासाठी नीट-एमडीएसच्या पात्रतेची पातळी २०२२ मध्ये आणि त्यानंतरही खाली आणावी लागली. ज्या देशात जगातील एक तृतीयांशाहून अधिक मुखकर्करोग आढळतो, त्या देशात ऊतींची तपासणी करून कर्करोगाचे निदान करणाऱ्या आणि गावोगाव प्रतिबंधाचे काम उभारणाऱ्या शाखांनाच विद्यार्थी मिळू नयेत, याहून बाजाराच्या दिवाळखोरीचा मोठा पुरावा कोणता? सार्वजनिक आरोग्यसेवेत या तज्ज्ञांसाठी कायम पदे नाहीत, म्हणून जागा रिकाम्या राहतात. आणि कोणत्याही पाहणी समितीने महाविद्यालयाला आजवर हे विचारलेले नाही की, तुमच्या जिल्ह्याला कोणता तज्ज्ञ हवा आहे?

अमेरिकेच्या इतिहासातून येथे एक धडा घेण्यासारखा आहे. १९२६ साली कार्नेगी फाउंडेशनसाठी विल्यम गीज यांनी तेथील दंतशिक्षणाचा अहवाल लिहिला आणि दंतशिक्षण हे विद्यापीठाचे अंग असावे, नफ्याची दंतशाळा असू नये, असे बजावले. भांडवलदारांच्या देणगीवर चालणाऱ्या संस्थेलाही जे कबूल करावे लागले, ते येथील राज्यकर्ते शंभर वर्षांनीही मान्य करीत नाहीत. पण त्या इतिहासाची दुसरी बाजूही आहे. १९१० च्या फ्लेक्सनर अहवालानंतर कृष्णवर्णीयांच्या सात वैद्यकीय शाळांपैकी पाच बंद पडल्या आणि पिळवणूक झालेल्या समाजाची डॉक्टर होण्याची वाट अरुंद झाली. निकस संस्था बंद करताना तिच्या जागी सार्वजनिक संस्था उभी केली नाही, तर दर्जाच्या नावाखाली गरिबांचे दार बंद होते.

भारतात हा भार आजही विद्यार्थ्यावरच पडतो. परवानगीविना चालविलेल्या अभ्यासक्रमाची पदवी मान्य होत नाही. संस्थाचालक न्यायालयात जातो, दंड भरतो, नवे नाव घेऊन पुन्हा उभा राहतो. शेतजमीन गहाण टाकून मुलीला पाठविणाऱ्या बापाच्या हाती मात्र ज्या पदवीची नोंदणी होत नाही असा कागद उरतो.

मागण्यांची दिशा

म्हणून मूल्यमापनाचा मापदंडच बदलला पाहिजे. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या कामाची नोंदवही आजही ठेवली जाते. ती कपाटात न राहता मूल्यमापनाचा कणा झाली पाहिजे. तीन वर्षांत त्याने स्वतःच्या हाताने किती रुग्णांवर कोणते उपचार केले, मार्गदर्शक शेजारी उभा होता काय, रुग्णाने किती पैसे मोजले आणि उपचाराचा परिणाम काय झाला, हे रुग्णालयाच्या दफ्तराशी ताडून पाहिले पाहिजे. पाहणी अनपेक्षित असावी व तिचा संपूर्ण अहवाल, असहमतीच्या टिपणांसह, प्रादेशिक भाषेत जनतेपुढे ठेवावा. पाहणी समितीत सरकारी महाविद्यालयांतील शिक्षक, निवासी डॉक्टरांचे निवडलेले प्रतिनिधी, राज्य सरकार आणि रुग्णांच्या संघटना यांना स्थान असावे. खाजगी दर्जांकन कंपन्यांना या कामात थारा नसावा. ज्या संस्थेची मान्यता जाईल तिच्या विद्यार्थ्यांची सोय सरकारी महाविद्यालयांत करण्याची आणि शुल्क परत करण्याची जबाबदारी कायद्याने निश्चित व्हावी. आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मुखविकृती व सार्वजनिक आरोग्य दंतशास्त्राच्या तज्ज्ञांची कायम पदे निर्माण करून ती भरावीत.

या मागण्या आपोआप मान्य होणार नाहीत. शिक्षणसंस्थांचे मालक संघटित आहेत आणि विधिमंडळांत त्यांचे आसन भक्कम आहे. निवासी डॉक्टर, विद्यार्थी, शिक्षक आणि आरोग्य कर्मचारी यांच्या संघटना एकत्र आल्या, आणि तंबाखूच्या वखारीत, विडीच्या कारखान्यात वा उसाच्या फडात राबणारा कामगार हा प्रश्न आपला मानू लागला, तरच या भिंतीला तडा जाईल. दंततज्ज्ञाच्या पदवीची खरी कसोटी त्या कामगाराच्या तोंडातील जखम वेळीच ओळखली जाते की नाही, हीच आहे. त्या कसोटीवर जी मान्यता उतरत नाही, ती कितीही मोठ्या मंडळाच्या शिक्क्याची असली तरी जनतेने ती अमान्यच ठरविली पाहिजे.