संगमावरच्या पाण्याचा हिशेब द्या!

शिरूर आणि दौंडच्या भीमाकाठच्या गावकऱ्यांनो,

रांजणगाव सांडस आणि वाळकीच्या शिवारात मुळा-मुठा भीमेला मिळते. तिथून पुढे उत्तरेला शिरूर, दक्षिणेला दौंड. तालुके दोन, पंचायत समित्या दोन. पाणी मात्र एकच, आणि तेही नासलेले. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे मैलापाणी, त्यातले बरेचसे प्रक्रियेविनाच, याच संगमातून आपल्या बंधाऱ्यांत येऊन साचते.

उन्हाळ्यात पारगाव-नानगावच्या बाजूला नदीवर जाऊन बघा. बंधाऱ्याला ढापे टाकले की जलपर्णी थटून बसते, पाणी दिसतच नाही. मोटारीच्या फुटव्हॉल्वमध्ये घाण अडकते. ती काढायला पाण्यात उतरावे तर अंगाला खाज सुटते. दिवस मावळला की गोठ्यात डासच डास, जनावर पाय आपटत रात्र काढते. काठावरच्या घरांत प्यायला जार विकत आणावा लागतो. नदी दाराशी असताना!

घोडकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती सापडली. पाट काढून पाणी खेळवणारी माणसे होती ती. इतक्या पिढ्या ज्या नद्यांवर जगल्या, त्यांना एका पिढीच्या डोळ्यांदेखत वास सुटला.

हे सरकारला ठाऊक नाही असे नाही. जानेवारी २०१६ मध्ये मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी ९९० कोटींची योजना मंजूर झाली, त्यासाठी जपानचे कर्ज घेतले. ११ नवी केंद्रे, रोज ३९.६ कोटी लिटरची क्षमता, मुदत जानेवारी २०२२. मुदत उलटली तेव्हा केंद्रे उभी नव्हती. शहर मात्र वाढतच राहिले, नदीकाठ सजवायलाही पैसा निघाला. आणि मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचललेले पाणी बेबी कालव्याने दौंडकडे येत राहिले. खडकवासल्याचे चांगले पाणी शहराने प्यायचे आणि वापरून उरलेले आपल्या शेताला द्यायचे, ही वाटणी कोणत्या ग्रामसभेने मान्य केली? १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने नदीत घाण सोडायला बंदी आहे. तो कायदा महापालिकांनाही लागू आहे.

आपल्या दाराशीही बघू. कुरकुंभ आणि निमगाव भोगीचे लोक विहिरींच्या पाण्याबद्दल वर्षानुवर्षे तक्रार करतात. शेजारची गावे त्यांच्यामागे कितीदा उभी राहिली? गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाडाऐवजी प्लास्टिक आणि जुन्या चपला जळतात, काळी काजळी पिकांवर बसते, तरी आपण गप्प. मालक ओळखीचा, ऊसही तिथेच घालायचा, म्हणून. पुण्याशी भांडायचे तर हेही बोलावे लागेल.

आमची मागणी साधी आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाने दर महिन्याला संगमाच्या वर आणि खाली, ग्रामपंचायत सदस्यांसमोर पाण्याचे नमुने घ्यावेत आणि अहवाल मराठीत गावच्या फळ्यावर लावावा. आंघोळीच्या पाण्यात लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू हवा, हा सरकारचाच निकष. आपल्या बंधाऱ्यात किती आहे, ते सगळ्यांना वाचता येऊ द्या. आणि प्रक्रियेविना एक थेंबही सोडणार नाही, याची तारीख दोन्ही महापालिकांनी लेखी द्यावी.

येत्या ग्रामसभेत दोन्ही काठांच्या गावांनी हा ठराव एकाच मजकुराचा करावा. त्याच्या प्रती घेऊन शिरूर आणि दौंडचे सरपंच मंडळाच्या पुण्यातल्या कार्यालयात एकाच दिवशी, एकत्र जातील.

— भीमाकाठचे शेतकरी, शिरूर-दौंड