रजेवर, तरी मोकळा!

रजा-नोंदणी ऑफिसच्या सामायिक कॅलेंडरला जोडून देणे हे माझे पोटापाण्याचे काम, म्हणून स्पष्टच लिहितो. आउटलुकमध्ये दिवसभराची नोंद आपोआप 'फ्री' धरली जाते. म्हणजे रजा मंजूर, पण सहकाऱ्यांच्या लेखी तुम्ही मोकळे! ती 'आउट ऑफ ऑफिस' करायला आम्ही जोडणी करणारेच आळसतो. गणेश चतुर्थीला माझ्याच माथी मीटिंग आली. एका हातात आरतीचे तबक, दुसऱ्यात फोन.

आणि आपली मंडळी रजेचे कारण किती इमानेइतबारे लिहितात : 'आईचे ऑपरेशन'. अहो, ते साऱ्या टीमला कशाला? कारण एचआरपाशीच राहू द्या, कॅलेंडरवर नुसती गैरहजेरी पुरे. मात्र रजेत फोन उचलणाऱ्याने यंत्राला बोल लावू नये. मी उचलला. आरती मुलीने पुरी केली.