परीक्षा विद्यापीठाची, पुस्तक बाजाराचे

अभ्यासक्रम ठरवणारी संस्था सार्वजनिक, तो शिकवणारे बरेचसे प्राध्यापक सरकारी पगारावरचे. मग त्या अभ्यासक्रमाचे पाठ्यपुस्तकच तेवढे खासगी का?

वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करणारा शासन निर्णय ८ जुलै २०२४ रोजी निघाला. निर्णय चांगलाच होता. घरची ओढाताण पाहून बारावीनंतर थांबणाऱ्या अनेक मुलींना त्याने महाविद्यालयाच्या दारापर्यंत आणले. पण दारातून आत गेल्यावर जो खर्च सुरू होतो, त्याचा विचार या सवलतीत नाही. पुस्तके, नोट्स, झेरॉक्स, प्रोजेक्टची छपाई यांचा हिशेब कोणत्याही सरकारी तक्त्यात येत नाही. शुल्काची ठेच वर्षातून एकदा लागते. ही टोचणी वर्षभराची असते.

ठाण्याशेजारच्या कळव्यापुरते बोलायचे तर विटावा, खारेगाव, मनीषानगर इथली मुले शिकायला मुख्यतः खाडीपलीकडे ठाण्यात जातात. काही मुलुंडला, काही उलट्या दिशेने डोंबिवली-कल्याणला. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या एका सत्रात २२ क्रेडिट मिळवायची असतात. मुख्य विषय, दुय्यम विषय, खुला ऐच्छिक विषय, कौशल्याचा, मूल्यशिक्षणाचा, भाषेचा असे मिळून सात-आठ विषय सहज होतात. प्रत्येकाचे पुस्तक सरासरी दोनशे रुपयांचे धरले, तरी एका सत्राला दीड हजार रुपये आणि तीन वर्षांच्या सहा सत्रांना नऊ हजार. रिक्षाचालकाच्या किंवा घरकाम करणाऱ्या बाईच्या घरात ही रक्कम किरकोळ नसते. अनुदानित कला शाखेच्या विद्यार्थ्याला तर नुसत्या शिक्षण शुल्कापेक्षा पुस्तके महाग पडावीत, अशी ही उलटी गंगा आहे. साहजिकच पुस्तक घेतले जात नाही. परीक्षेचे वेळापत्रक लागले की स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात सत्रवार गठ्ठे तयार असतात. कोणा सीनियरच्या हस्ताक्षरातली, प्रतीची प्रत काढून अक्षरे पुसट झालेली उत्तरे. तोच त्या वर्षाचा ज्ञानसंचय.

दोष विद्यार्थ्याचा नाही आणि प्रकाशकाचाही पूर्णपणे नाही. मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवे धोरण पदवीच्या पहिल्या वर्षाला लागू झाले. जुने अभ्यासक्रम बाद झाले आणि त्यांच्याबरोबर मोठ्या भावाची, शेजारच्या ताईची, माटुंग्याच्या पदपथावरून अर्ध्या किमतीत आणलेली पुस्तकेही बाद झाली. त्यात स्वायत्ततेची भर. ठाण्याचे बांदोडकर, कल्याणचे बिर्ला ही महाविद्यालये आता स्वायत्त आहेत, म्हणजे अभ्यासक्रम त्यांचे ते ठरवतात. शैक्षणिकदृष्ट्या ते योग्यच. पण एका महाविद्यालयातल्या दोन-अडीचशे मुलांसाठी कोणता प्रकाशक पुस्तक छापील? पूर्वी एका पुस्तकावर विद्यापीठाच्या सगळ्या महाविद्यालयांची गरज भागे. आता विषय वाढले आणि प्रत्येक विषयाचे गिऱ्हाईक घटले. त्यामुळे पुस्तक एक तर निघतच नाही, किंवा घाईने जुळवलेले गाईड म्हणून निघते.

एके काळी स्वस्त पुस्तके मिळत, ही साठी ओलांडलेल्यांची आठवण खरी आहे. ब्रिटिश सरकारच्या मदतीने निघणाऱ्या ‘ईएलबीएस’च्या स्वस्त आवृत्त्या इथल्या वैद्यकीय आणि अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या दोन पिढ्यांनी वापरल्या. मॉस्कोच्या ‘मीर’ प्रकाशनाची गणित-भौतिकशास्त्राची पुस्तके तर चहा-नाश्त्याच्या पैशांत मिळत. त्या स्वस्ताईमागे शीतयुद्धातली चढाओढ होती. आपली धोरणे नव्हती. चढाओढ संपली, अनुदाने आटली, पुस्तके गेली. कळव्यातच ठाणे महापालिकेचे राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे महापालिकेच्या पैशावर डॉक्टर घडतात, पण शरीररचनाशास्त्रापासून वैद्यकशास्त्रापर्यंतचे जाडजूड ग्रंथ ज्याचे त्याने बाजारभावाने घ्यायचे किंवा ग्रंथालयातल्या प्रतीसाठी रांग लावायची. परक्या सरकारांनी आपल्या सोयीसाठी जे केले, ते आपल्या सरकारला आपल्या मुलांसाठी करावेसे वाटले नाही.

वाटले नाही असे म्हणणे अर्धवट ठरेल, कारण महाराष्ट्रात तशी परंपरा आहे. पेशव्यांच्या काळापासून विद्वान ब्राह्मणांना दिल्या जाणाऱ्या दक्षिणेतला काही पैसा मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांकडे वळवावा, असा अर्ज पुण्याच्या सुधारकांनी १८४९ मध्ये केला. सनातन्यांनी गहजब केला, तरी पुढे ‘दक्षिणा प्राइझ कमिटी’ झाली आणि ज्ञानाच्या पुस्तकासाठी सार्वजनिक पैसा खर्च करण्याचे तत्त्व इथे रुजले. स्वातंत्र्यानंतर विद्यापीठीय पुस्तके मराठीत यावीत म्हणून नागपूरला महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ स्थापन झाले. त्याची पुस्तके आज जुन्या ग्रंथालयांच्या तळाच्या फळ्यांवर आढळतात. नव्या पिढीला मंडळाचे नावही ठाऊक नाही. पुस्तक एकदा छापायचे, संपले की संपले, ही त्या काळाची मर्यादा होती. ती मर्यादा आता उरलेली नाही.

अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात रिचर्ड बॅरानियुक या प्राध्यापकांनी १९९९ मध्ये एक प्रकल्प सुरू केला. त्यातून २०१२ मध्ये ‘ओपनस्टॅक्स’ उभे राहिले. भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र अशा विषयांची पदवीस्तरीय पुस्तके तज्ज्ञांना मानधन देऊन लिहून घ्यायची, इतर तज्ज्ञांकडून तपासून घ्यायची आणि कोणालाही फुकट उतरवून घेऊ द्यायची, अशी ही पद्धत. महत्त्वाची गोष्ट फुकटपणाच्या पुढची आहे. ही पुस्तके खुल्या परवान्याची आहेत. मूळ लेखकाचे नाव राखून ती कोणीही छापावीत, त्यात भर घालावी, भाषांतर करावे. पोलंडमध्ये त्यातले भौतिकशास्त्र पोलिश भाषेत आणले गेले, त्यासाठी कोणाच्या दारात परवानगी मागत उभे राहावे लागले नाही. अशा खुल्या साहित्यासाठी सरकारांनी काय करावे, याची शिफारस युनेस्कोने नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्व सदस्य देशांना केली. आपल्या पवईच्या आयआयटीचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पही याच तत्त्वावर चालतो आणि त्यातले धडे मराठीतही आहेत. म्हणजे कल्पना परकी नाही आणि लांबचीही नाही.

केंद्र सरकारही हातावर हात ठेवून बसलेले नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकीची पुस्तके मराठीसह अनेक भारतीय भाषांत तयार करून ‘ई-कुंभ’ या संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेवर तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर झाले आहेत. पण ती वर्गणी संशोधनपत्रिकांची आहे. बीकॉमच्या पहिल्या वर्षाच्या मुलाला त्यातले काही लागत नाही. आणि सहकार कायदा, वस्तू व सेवा कर, महाराष्ट्राची अर्थव्यवस्था किंवा मराठी साहित्य यांची पुस्तके ह्यूस्टनहून येणार नाहीत, दिल्लीहूनही नाहीत. ती इथेच लिहावी लागतील.

आणि ती लिहिली गेलीही आहेत. मुंबई विद्यापीठाचे दूरशिक्षण १९७१ पासून चालते. ‘आयडॉल’ म्हणून ते ओळखले जाई, आता त्याचे नाव दूरस्थ व ऑनलाइन शिक्षण केंद्र असे आहे. या केंद्राने विषयवार पुस्तिका प्राध्यापकांकडून लिहून घेतल्या आणि त्यांच्या पीडीएफ विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ठेवल्या. एखादी उघडून पाहावी. पहिल्या पानावर कुलगुरू, संचालक, समन्वयक आणि लेखक यांची नावे. पुढे प्रत्येक घटकाला उद्दिष्टे, प्रस्तावना, विषय विवेचन, सारांश आणि सरावाचे प्रश्न. भाषा साधी, बेतशीर, एकट्याने वाचणाऱ्याला समजेल अशी. रोज वर्गात बसणारी मुलेही गुपचूप याच पुस्तिका उतरवून घेतात. विद्यापीठाच्या पैशाने, विद्यापीठाच्या अभ्यासक्रमासाठी, विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी लिहिलेले पाठ्यपुस्तक असे हाताशी आहे. फक्त ते खुले आहे असे त्याच्यावर कुठे लिहिलेले नाही. त्यामुळे दुसऱ्या महाविद्यालयाला त्यातला घटक घेऊन आपल्या अभ्यासक्रमाला जुळवता येत नाही, छपाईवाल्याला ते निर्धास्तपणे छापता येत नाही, चूक आढळली तर ती दुरुस्त करून नवी आवृत्ती काढायचा अधिकार कोणाला नाही. मराठी मजकूर युनिकोडऐवजी जुन्या फॉण्टात असेल, तर शोधून शब्द सापडत नाही आणि अंध विद्यार्थ्याच्या यंत्राला तो वाचताही येत नाही. दिसते पण हाताला लागत नाही, अशी ही काचेची तिजोरी आहे.

यावर आक्षेप येतील. लेखकांनी फुकट का लिहायचे? फुकट लिहू नये. मानधन द्यावे, चांगले द्यावे, एकरकमी द्यावे. गाईड लिहिणाऱ्याला प्रकाशक काय देतो हे प्राध्यापकांना चांगले ठाऊक आहे. मराठी प्रकाशन व्यवसाय बुडेल का? बालभारतीकडे पाहावे. शालेय पुस्तकांच्या पीडीएफ मोफत मिळू लागून वर्षे झाली, तरी छापील पुस्तके विकली जातातच, कारण पाच-सहा इंची पडद्यावर अख्खे पुस्तक वाचायला कोणालाच आवडत नाही. खुल्या परवान्याचे पुस्तक कोणत्याही प्रकाशकाने छापून विकावे; किंमत कागदाची आणि छपाईची राहील, मक्तेदारीची राहणार नाही. झेरॉक्सवाल्याचा धंदाही उजळ माथ्याने होईल. दिल्ली विद्यापीठातल्या रामेश्वरी झेरॉक्सविरुद्ध ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशनसंस्थांनी २०१२ मध्ये दावा ठोकला होता. शिकवण्याच्या ओघात केलेल्या प्रतींना कायद्याची मुभा आहे, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला आणि पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावा मागे घेतला. विद्यार्थ्यांच्या बाजूने लागलेला तो मोठा निकाल. पण न्यायालय प्रत काढू देऊ शकते, पुस्तक लिहून देऊ शकत नाही. वाईट गाईडची कायदेशीर प्रत हेही शेवटी वाईट गाईडच.

दर्जाचा आक्षेप अधिक गंभीर आहे. खुले म्हणजे कोणीही काहीही लिहिलेले, असे होता कामा नये. यंत्राने भाषांतर करून मराठीचा कचरा केलेली पुस्तकेही नकोत. यावर उपाय विद्यापीठाच्याच हाती आहे. अभ्यास मंडळे अभ्यासक्रम तपासतात, त्यांनीच पुस्तक तपासावे. प्राध्यापकांनी त्यासाठी वेळ द्यावा असे वाटत असेल, तर त्यांच्या बढतीच्या गुणांचे गणित बदलावे लागेल. आजच्या नियमांत प्रकाशक आंतरराष्ट्रीय की राष्ट्रीय यावर पुस्तकाचे गुण ठरतात. परिणामी पदरचे पैसे मोडून, आयएसबीएनचा शिक्का मिळवून, कोणी न वाचणारी पुस्तके काढली जातात. हजारो मुले ज्यावर परीक्षा देतील असे तपासलेले खुले पुस्तक लिहिणाऱ्या प्राध्यापकाला त्याहून कमी गुण मिळत असतील, तर चूक प्राध्यापकाची नाही.

करायचे ते फार नाही. ज्या विषयांना सर्वाधिक विद्यार्थी बसतात, अशा पहिल्या वर्षाच्या विषयांपासून सुरुवात करावी आणि अभ्यासक्रमाबरोबरच त्याचे खुले पुस्तक मराठी व इंग्रजीत जाहीर करण्याचा दंडक विद्यापीठाने घालावा. पुस्तक तयार नसेल, तर अभ्यासक्रम बदलू नये. स्वायत्त महाविद्यालयांनी आपापल्या वेगळ्या घटकांची भर त्यात घालावी. ठाणे, कळवा, कल्याणच्या चार महाविद्यालयांनी मिळून एक पुस्तक चालवले तर प्रत्येकाचा चौथाच हिस्सा खर्च होईल. ठाण्याचे १८९३ सालचे मराठी ग्रंथसंग्रहालय आणि कल्याणचे १८६४ सालचे सार्वजनिक वाचनालय यांनी या पुस्तकांचे छापील संच ठेवावेत, महापालिकांनी अभ्यासिकांत ते पुरवावेत. राज्य सरकारने शुल्कमाफीइतका गाजावाजा न करता का होईना, त्यासाठी तरतूद करावी.

यातल्या कशालाही वेळ लागेल, पैसा लागेल, समित्या बसतील. पण विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आज असलेल्या पुस्तिका खुल्या करायला छदामही लागत नाही. लेखकांची संमती घ्यावी आणि पहिल्या पानावर कुलगुरूंच्या नावाखाली एक ओळ छापावी, की हे पुस्तक कोणीही वापरावे, छापावे, सुधारावे. ही ओळ लिहिण्यात काही अडचण असेल, तर ती काय आहे हे विद्यापीठाने पुढचे परीक्षा शुल्क वसूल करण्यापूर्वी विद्यार्थ्यांना सांगावे.