दुर्गम म्हणजे कोणापासून?

मागच्या शनिवारी अमरावतीला घरी होतो. सकाळीच मित्राच्या गाडीनं परतवाडामार्गे सेमाडोह गाठलं. घाटात मोबाईलची रेंज गेली आणि मी अस्वस्थ! टपरीवर चहा पिताना एका कोरकू आजोबांना सहज विचारलं, "बाबा, एवढ्या दूर कसं राहता?"

ते हसले. "आम्ही तं इथंच आहे. दुरून तं तुम्ही आले."

माझी बोलती बंद!

रात्री अलास्कातल्या अनाक्तुवुक पासबद्दल वाचत बसलो. ब्रूक्स पर्वतरांगेतलं इनुपियाक लोकांचं छोटंसं गाव. बाहेरून येणारा रस्ताच नाही, किराणासुद्धा विमानानं येतो. पोटाला आधार कॅरिबूच्या शिकारीचा. १९८० मध्ये भोवती नॅशनल पार्क झालं, पण कायद्यानं स्थानिकांचा पोटापुरत्या शिकारीचा हक्क राखला. गाव जागेवरच राहिलं.

आता आपलं मेळघाट. १९७३ च्या व्याघ्र प्रकल्पातल्या पहिल्या नऊ जंगलांपैकी एक. कोरकू माणूस वाघाला 'कुलामामा' म्हणतो. त्याची भाषा मराठीची नाही, तर संथाळी-मुंडारीची बहीण. याच वाघासाठी इथली काही गावं खाली मैदानात हलवली. २००६ पासून कायद्यानं संमती लागते, मोबदलाही मिळतो. तरी जानेवारी २०१९ मध्ये पुनर्वसित कुटुंबं आपल्या जुन्या गावांकडे परतली आणि केलपाणीला वनखात्याशी संघर्ष झाला.

वाघ वाचलाच पाहिजे, यात वाद नाही. दवाखाना, शाळा हवी म्हणून खुशीनं खाली आलेलेही असतील. पण जंगलात डॉक्टर नाही म्हणून दिलेला होकार ही संमती की नाइलाज? आपण साधा डेटा मायग्रेट करताना रोलबॅक प्लॅन ठेवतो. इथं तर अख्खं गाव मायग्रेट होतं, आणि परतीचा रस्ता बंद!

मेळघाटातल्याच बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी कित्येक वर्षं रुग्णसेवा केली. २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. म्हणजे डॉक्टर गावापर्यंत पोचू शकतो. मग आधी दवाखाना, शाळा तिथं न्या, नंतर विचारा, "येता का खाली?" तेव्हा मिळेल ते उत्तर खरं.

असो. परतवाड्याला रेंज आली. पस्तीस मेसेज होते, एकही महत्त्वाचा नव्हता.