मसुद्यावर शेवटचा हात कोणाचा?

तांत्रिक मानकाचा मसुदा एखादी कंपनी लिहिते, पण मानक झाल्यावर ते सगळ्यांना लागू पडते. म्हणून मसुदा समितीपुढे आला की त्यात बदल करण्याचा अधिकार समितीचाच हवा.

१. मूळ लेखकाने हक्क सोडावा. सुरक्षित जोडणीचा एसएसएल हा प्रोटोकॉल नेटस्केप कंपनीचा. आयईटीएफ या इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या कार्यगटाने त्यात बदल केले, नावही बदलले आणि १९९९ साली टीएलएस १.० प्रसिद्ध केले. आज ऑनलाइन बँकिंग त्याच्याच पुढच्या आवृत्त्यांवर चालते.

२. संपादकाने गटाचे निर्णय लिहावेत. आयईटीएफच्या १९९८ च्या नियमांत ही जबाबदारी स्पष्ट आहे: गटाने जे ठरवले तेच मसुद्यात उतरले पाहिजे. संपादकाला मत असावे, नकाराधिकार नसावा.

३. वेळ नाकारणे म्हणजे अधिकार नाकारणे. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस फाइलींवर बेतलेला ओओएक्सएमएल हा सहा हजारांहून अधिक पानांचा मसुदा आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेकडे जलद मार्गाने आला. त्यात १९०० हे लीप वर्ष धरले होते, कारण एक्सेलमध्ये ती चूक पूर्वीपासून होती. असे हजारो आक्षेप आले. फेब्रुवारी २००८ मध्ये जिनिव्हातल्या बैठकीत त्यांच्यासाठी पाच दिवस मिळाले आणि बहुतेक दुरुस्त्या चर्चेविना एकगठ्ठा मतदानाने निकालात निघाल्या.

४. विरोध नोंदवणे वाया जात नाही. भारतीय मानक ब्यूरोने ओओएक्सएमएलविरुद्ध मत दिले आणि ते बदलले नाही. मंजुरीनंतर भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला यांनी अपील केले. ते फेटाळले गेले, तरी प्रक्रियेतला दोष कायमचा नोंदला गेला.

५. प्रत्येक बदलाचा माग राहावा. आयईटीएफच्या मसुद्याच्या जुन्या आवृत्त्या कोणालाही ताडून पाहता येतात. आपल्याकडेही प्रत्येक हरकत, तिच्यावरचा निर्णय आणि त्याचे कारण जाहीर व्हायला हवे.

मानक ब्यूरो आपले मसुदे हरकती-सूचनांसाठी खुले करते. अभियंते, प्राध्यापक, लघुउद्योजक आणि ग्राहक संघटनांनी ते वाचावेत. नुसती नाराजी कळवू नये. कलम क्रमांक, आक्षेप आणि सुचवलेला नेमका मजकूर मुदतीत पाठवावा. समितीला त्याची दखल घ्यावी लागते.